पीसीबीच्या फाइली पाठवण्याआधी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात बसून पीसीबी लेआउटची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डांचे नकाशे काढायची, कामं करतो. वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधले छोटे युनिटवाले, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली प्रोजेक्टवाली पोरं, आणि अधूनमधून कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाला कंट्रोलर पाहिजे म्हणून आलेला एखादा भाटकार म्हणजे जमीनमालक, अशी माझी गिऱ्हाइकं. ज्यांचं डिझाइन स्वतःचं असतं ते बोर्ड बनवायला टाकायच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप करतात आणि प्रश्न दर वेळी तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवलेत. पहिलाच मेसेज "सर अर्जंट" असेल तर आधी ड्रिल फाइलचा प्रश्न वाचा, निम्मे घोळ तिथेच असतात.

गर्बर म्हणजे नक्की काय? मी माझी किकॅडची फाइलच पाठवली तर चालणार नाही का?

काही फॅब, म्हणजे बोर्ड बनवणारे कारखाने, घेतात हो, पण मी पाठवत नाही. तुमच्या किकॅडचं, म्हणजे लेआउटच्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन वेगळं, त्यांचं वेगळं, तिकडे उघडल्यावर कॉपर पोअर (मोकळ्या जागेत भरलेलं कॉपर) परत भरला गेला, फॉन्ट बदलला, आणि मग जो बोर्ड बनतो तो तुम्ही स्क्रीनवर बघितलेला नसतो. गर्बर म्हणजे एकेका लेयरचं नुसतं चित्र, साध्या टेक्स्टमध्ये लिहिलेलं. नाव जोसेफ गर्बर या माणसाच्या कंपनीवरून आलंय, तो मूळचा व्हिएन्नाचा, अमेरिकेत जाऊन त्याने प्लॉटिंगची मशीनं केली. त्यांच्या फोटोप्लॉटरमध्ये लाइट एका छोट्या खिडकीतून फिल्मवर पडायचा, खिडकीचा आकार बदलला की पॅडचा (पार्टचा पाय सोल्डर होतो त्या कॉपरच्या ठिपक्याचा) आकार बदलला, आणि ती भाषा अजून तशीच आहे. फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, डी०१ म्हणजे लाइट चालू ठेवून रेघ ओढ, डी०२ म्हणजे लाइट बंद करून तिथे जा, डी०३ म्हणजे तिथेच एकदा फ्लॅश मार.

सध्या गर्बरची जबाबदारी बेल्जियमच्या उकॅम्को कंपनीकडे आहे. जुना आरएस-२७४डी प्रकार त्यांनी २०१४ मध्येच मोडीत काढला, त्यात खिडक्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असायची आणि ती हरवली की सगळं गेलं. तुम्ही आरएस-२७४एक्स काढा, नाहीतर २०१४ मध्येच आलेला एक्स२ काढा, त्यात ही लेयर टॉप कॉपर आहे की मास्क (सोल्डर अडवणारा हिरवा थर) हे फाइलमध्येच लिहिलेलं असतं. एखाद्या फॅबचं जुनं सॉफ्टवेअर एक्स२ वर कुरकुरलं तर किकॅडच्या प्लॉट विंडोत ती टिक काढता येते.

मी ईगल वापरतो, बदलायला पाहिजे का?

हो. ऑटोडेस्कने २०२३ मध्येच जाहीर केलं होतं की ७ जून २०२६ पासून ईगल बंद. जुनी डिझाइनं आहेत त्यांची गर्बर काढून ठेवा आणि नवीन काम किकॅडवर सुरू करा, ते फुकट आहे आणि ईगलच्या फाइली उघडतं. प्रोटिअसवाल्यांचं चालू द्या, प्रोटिअसमधून गर्बर नीट निघते, फक्त कॉलेजच्या पीसीवर कुठलं व्हर्जन आहे ते बघा.

झिपमध्ये काय काय घालायचं?

साध्या डबल साइड बोर्डला टॉप आणि बॉटम कॉपर, दोन्ही बाजूंचे मास्क, दोन्ही बाजूंचं सिल्क (वर छापलेली अक्षरं), बोर्डची आउटलाइन आणि ड्रिल (होलांची फाइल). पेस्टची लेयर फक्त स्टेन्सिल, म्हणजे सोल्डर पेस्ट लावायचा होलांचा पत्रा, बनवायला लागते, बोर्डला नाही, पण घातली तरी कोणी रागवत नाही. लोक काय विसरतात ते सांगतो, आउटलाइन. दहापैकी दोन-तीन झिपमध्ये ती नसतेच, मग फॅबवाला विचारतो बोर्ड कुठे कापू, आणि एक दिवस गेला.

सोबत एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: किती लेयर, जाडी किती, कॉपर किती, मास्कचा रंग, फिनिश (उघड्या पॅडवरचा थर), नग, बोर्डची लांबी-रुंदी मिमीमध्ये. काहीच नाही सांगितलं तर बहुतेक ठिकाणी १.६ मिमी एफआर४ (फायबरग्लासचा बोर्ड), १ औंस म्हणजे ३५ मायक्रॉन कॉपर, हिरवा मास्क असं धरतात. लांबी-रुंदी लिहायची कारण आहे, युनिटचा घोळ असेल तर तो तिथेच पकडला जातो.

आणि झिपचं नाव "फायनल", "फायनल२", "खरंच फायनल" असलं ठेवू नका. प्रोजेक्टचं नाव, रिव्हिजन, तारीख, बस. तीच रिव्हिजन बोर्डच्या सिल्कवर पण छापा, सहा महिन्यांनी ड्रॉवरमध्ये दोन सारखे दिसणारे बोर्ड सापडले की मला आठवाल.

मास्कची लेयर उघडली तर नुसते पॅडच दिसतात, बाकी रिकामं. फाइल बिघडली का?

नाही हो, ती उलटी असते. जिथे काही काढलंय तिथे मास्क नाही, जिथे रिकामं तिथे हिरवा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या अर्ध्या शंका जातात.

त्यातच एक गोष्ट, मास्कची खिडकी पॅडपेक्षा किती मोठी ठेवायची. ०.५ मिमी पिचची (शेजारच्या दोन पायांच्या मध्यांत तेवढं अंतर असलेली) आयसी घ्या, पॅड ०.३, मधली जागा ०.२. दोन्ही बाजूंनी ०.०५ मिमी मोकळं सोडलं तर मधे ०.१ ची मास्कची पट्टी उरते आणि ती बहुतेक ठिकाणी टिकते. तुम्ही ०.१ सोडलंत तर पट्टीच उरत नाही, सगळे पिन एका मोठ्या खिडकीत उघडे, आणि सोल्डर करताना शेजारी-शेजारी गळाभेट.

बॉटम लेयर मिरर करून पाठवायची ना सर?

नाही! कृपा करून नाही. हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. कॉलेजात टोनर ट्रान्सफरने बोर्ड केलेला असतो, ग्लॉसी पेपरवर प्रिंट, इस्त्री, फेरिक क्लोराइड. त्यात कागद कॉपरवर पालथा पडतो म्हणून टॉप मिरर करून छापावी लागते, बॉटम नाही, कारण सॉफ्टवेअरमध्ये बॉटम वरून आरपार बघितल्यासारखी असते म्हणजे आधीच उलटी. एवढं सगळं लक्षात राहत नाही, "काहीतरी मिरर करायचं असतं" एवढंच राहतं, आणि गर्बर काढताना ती टिक पडते. गर्बरमध्ये सगळ्या लेयर वरून बघितल्यासारख्याच पाहिजेत, काहीही मिरर नाही. तपासायचं सोपं: बॉटम कॉपरवर एखादा शब्द लिहिलेला ठेवा, व्ह्यूअरमध्ये तो उलटा दिसला तर बरोबर, सरळ वाचता आला तर गडबड.

ड्रिल फाइलचं काय एवढं?

इथे जरा बसून वाचा.

ड्रिल फाइल गर्बरपेक्षा वेगळी, तिला एक्सलॉन म्हणतात, होल मारणाऱ्या मशीनच्या कंपनीचं नाव. तिच्यात कुठल्या साइझचं टूल आणि कुठल्या एक्स-वायवर, एवढंच असतं. घोळ क्रमांक एक, युनिट. गर्बर मिमीमध्ये आणि ड्रिल इंचात काढली, आणि हेडरमध्ये ते नीट नसेल तर सगळी होलं २५.४ पटीने इकडेतिकडे. हे निदान दिसतं तरी, सगळी होलं एका कोपऱ्यात गोळा झालेली. घोळ दोन, शून्यं गाळणं. जुन्या पद्धतीत आकड्याची पुढची किंवा मागची शून्यं गाळून लिहितात आणि कुठली गाळली ते वाचणाऱ्याला कळलं नाही तर १० पट, १०० पट फरक. किकॅडमध्ये डेसिमल फॉरमॅट आणि मिमी निवडा, हा विषयच संपला. घोळ तीन, ओरिजिन. गर्बर पानाच्या कोपऱ्यापासून मोजलेली आणि ड्रिल तुम्ही ठेवलेल्या खुणेपासून, दोन्ही एकमेकांवर बसतच नाहीत. दोन्हीकडे एकच ओरिजिन निवडा, कुठला ते महत्त्वाचं नाही.

घोळ चार माझ्या स्वतःच्या हातून झालाय. सावईवेऱ्याच्या एका कुळागरासाठी पंप कंट्रोलरचे २५ बोर्ड केले होते, पॉवरला तो गोल डीसी जॅक. त्याचे पाय चपटे असतात, त्यांना गोल होल नाही तर लांबट स्लॉट लागतो. फुटप्रिंट, म्हणजे पार्टच्या पॅड-होलांचा नकाशा, मी स्वतः बनवला आणि स्लॉट आउटलाइनच्या लेयरवर नुसते रेघेने काढले. फॅबने काय करावं, त्यांनी ते बोर्डच्या आतले कटआउट समजून राउटरने (बोर्ड कापायच्या मशीनने) कापले, म्हणजे प्लेटिंगशिवाय, आत कॉपर न चढवता, पॅडचं कॉपर कडेला कापलेलं. जॅक बसला, पण टॉप आणि बॉटमचा कनेक्शनच नाही. २५ बोर्डांना मी एकेक वायर टाकत बसलो, बाहेर धो धो पाऊस, लाइट जातेय-येतेय. फॅबची काही चूक नव्हती, फाइलीत जे होतं तेच त्यांनी केलं. तेव्हापासून स्लॉट हा पॅडच्या होलचाच आकार म्हणून देतो, ओव्हल होल, मग तो ड्रिल फाइलीत प्लेटेड म्हणून जातो.

प्लेटेड आणि बिनप्लेटेड होल वेगवेगळ्या फाइलीत काढा. स्क्रूच्या होलला प्लेटिंग नको असेल तर ते बिनप्लेटेडच्या फाइलीत पाहिजे, नाहीतर स्क्रू ग्राउंडला चिकटेल, आणि कधीकधी ते बरंही असतं पण ठरवून असू दे.

होलची साइझ कशी ठरवायची? पार्ट जातच नाही हो!

फाइलीत जी साइझ देता ती तयार बोर्डवरची, प्लेटिंग झाल्यावरची. फॅबवाला स्वतः साधारण ०.१ ते ०.१५ मिमी मोठं ड्रिल मारतो कारण आत कॉपर चढतं. तुम्ही स्वतःच प्लेटिंगचं वाढवून ठेवू नका, दोनदा वाढेल. पण पार्टच्या पायाला सैलपणा तुम्हीच द्यायचा असतो. हेडर पिन चौकोनी असते, ०.६४ मिमीची, लोक ०.७ चं होल देतात. अहो चौकोनाचा कर्ण बघा, ०.९ च्या वर जातो! म्हणून १ मिमी. साध्या पाव वॉट रेझिस्टरचा पाय ०.६ च्या आसपास, त्याला ०.८. टर्मिनल ब्लॉकला डेटाशीटच बघा आणि कॅलिपर असेल तर मोजा, कॅलिपर काही फार महाग नसतो.

व्हायाला, म्हणजे दोन लेयर जोडणाऱ्या छोट्या होलाला, ०.६ चा पॅड आणि ०.३ चं होल, म्हणजे चारी बाजूंनी ०.१५ ची रिंग उरते, हे बहुतेक सगळीकडे जास्तीचे पैसे न देता होतं. ०.२ चं होल देऊन फुशारकी मारायची गरज नाही, ते महाग पडतं.

आउटलाइन कशी काढायची?

एकच बंद रेघ, कुठेही तुटलेली नको. कोपऱ्यात ०.०१ मिमीची फट राहिली तरी सॉफ्टवेअरला ती बंद वाटत नाही, किकॅड डीआरसीत (नियम तपासताना) ओरडतं ते ऐका. आतला काटकोन राउटरला येत नाही, बिट गोल असतो, २ मिमीच्या बिटने कोपऱ्यात १ मिमीची गोलाई राहणारच, म्हणून डब्यात बसवायचा बोर्ड असेल तर तेवढं धरा. कॉपर कडेपासून ०.३ मिमी आत, व्ही-कट (बोर्ड मोडून वेगळे करायची खाच) असेल तर ०.५ आत.

ट्रॅक किती जाड ठेवू?

दोन प्रश्न आहेत हे. फॅबला किती बारीक जमतं, आणि तुमच्या करंटला किती लागतं.

पहिल्याचं उत्तर त्यांच्या पेजवर असतं, आणि ते लेआउट सुरू करायच्या आधी डीआरसीत भरायचं, शेवटी नाही. शेवटी भरलं की ३०० एरर येतात आणि माणूस "सगळे इग्नोर" करतो, मी केलंय. ६ मिल ट्रॅक ६ मिल गॅप, म्हणजे ०.१५ मिमी, हल्ली साध्या रेटमध्ये मिळतं, पण जागा असेल तर ८ किंवा १० ठेवा, बारीक ठेवल्याबद्दल कोणी बक्षीस देत नाही. घरी फेरिक क्लोराइडमध्ये करणार असाल तर अर्ध्या मिमीच्या खाली जाऊ नका.

दुसऱ्याचं, आयपीसी-२२२१ या बोर्ड डिझाइनच्या मानकाच्या हिशोबाने बाहेरच्या लेयरवर १ औंस कॉपर आणि १० अंश तापमानवाढ धरली तर १ अ‍ॅम्पला साधारण ०.३ मिमी, २ ला ०.८, ३ ला १.४, ५ अ‍ॅम्पला २.८ च्या आसपास. करंट दुप्पट केला की जाडी दुपटीहून जास्त वाढते, हे लक्षात असू द्या. आणि पंपवाल्यांना सांगून ठेवतो, एक एचपीच्या मोटरचा चालू करंटच पाचसहा अ‍ॅम्प, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. तो निळा छोटा रिले आणि पीसीबीचा ट्रॅक यावर मोटर टाकू नका, रिलेने कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करायचा मोठा स्विच) चालवा, मोटरचा करंट वायरमधूनच जाऊ दे.

बोर्डवर २३० व्होल्ट आहे, फाइलमध्ये वेगळं काय करायचं?

अंतर. मेनच्या बाजूचं कॉपर आणि पाच व्होल्टची बाजू यात मी ६ मिमीच्या खाली जात नाही, जागा असेल तर ८. आमच्या इथे पावसाळ्यात डब्यात मुंग्या, पाली, ओल, सगळं जातं. तो निळा रिले बघा, त्याचा कॉमन पिन बरोबर कॉइलच्या दोन पिनांच्या मधे येतो, म्हणजे २३० व्होल्ट कॉइलच्या शेजारी. तिथे १ मिमी रुंदीचा स्लॉट काढून टाका, आणि हा स्लॉट मात्र आउटलाइनच्या लेयरवरच, बिनप्लेटेड. (हो, वर मी उलटं सांगितलं, ते जॅकच्या पायासाठी. ज्यात पाय जाऊन सोल्डर होतो तो ड्रिलमध्ये, नुसती हवा पाहिजे तो आउटलाइनमध्ये.) आणि ग्राउंडचा पोअर मेनच्या भागात घुसलाय का ते डोळ्याने बघा, पोअर पाण्यासारखा असतो, जागा दिसली की शिरतो.

स्क्रीनवर ग्राउंड पोअर होता, बोर्डवर अर्धा गायब किंवा शॉर्ट. असं कसं?

ट्रॅक हलवल्यावर पोअर परत भरला नाही. किकॅडमध्ये बी दाबा, मग डीआरसी, मग प्लॉट. त्याच क्रमाने.

फॅबवाला टेस्ट करूनच देतो ना? मग चूक असली तर त्यांना कळेलच की.

हा सगळ्यात मोठा गैरसमज. फ्लाइंग प्रोब टेस्ट करतात खरं, पण कशाशी ताडून बघतात? तुमच्याच गर्बरशी! गर्बरवरून सॉफ्टवेअर यादी काढतं की हा पॅड त्या पॅडला जोडलेला पाहिजे, आणि मशीन तेच तपासते. गर्बरमध्येच पोअर शॉर्ट असेल तर मशीनच्या दृष्टीने तो शॉर्ट असणं हेच बरोबर, बोर्ड पास, शिक्का मारून तुमच्या घरी. मग तुम्ही म्हणता टेस्टेड बोर्ड होता.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे: आयपीसी-डी-३५६ नावाची नेटलिस्ट फाइल, म्हणजे काय कशाला जोडलंय त्याची यादी. किकॅडच्या फॅब्रिकेशन आउटपुटमध्येच मिळते. ती थेट डिझाइनवरून निघते, प्लॉट केलेल्या चित्रावरून नाही, त्यामुळे गर्बर काढताना काही फिसकटलं तर दोन्ही जुळत नाहीत आणि फॅबचा मेल येतो. झिपमध्ये टाका आणि टेक्स्ट फाइलीत लिहा की याच्याशी ताडून बघा, नाही लिहिलं तर बरेच जण बघत नाहीत. स्किमॅटिकच चुकलं असेल तर मात्र ही फाइल पण काही करू शकत नाही, तिथे तुम्ही आणि तुमचा देव.

गोव्याच्या हवेला कुठलं फिनिश घेऊ?

साध्या मोठ्या पार्टना एचएएसएल, लेड-फ्री असेल तर अजून बरं, टिनचा जाड थर बसतो आणि बोर्ड कपाटात पडून राहिला तरी सोल्डर धरतो. बारीक पिचला किंवा बीजीएला (पाय पोटाखाली असलेल्या आयसीला) एनिग म्हणजे सोन्याचं, कारण ते सपाट असतं, एचएएसएलला फुगवटे येतात. ओएसपी स्वस्त मिळालं म्हणून घेऊ नका, तो एक पातळ सेंद्रिय थर असतो, हात लागला, दमट हवा लागली की गेला, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा काय असते ते तुम्हाला सांगायला नको. इमर्शन सिल्व्हर काळं पडतं.

व्हाया मास्कने झाका, दोन्ही बाजूंनी. वास्को, मिरामार, किनाऱ्याच्या बाजूला बोर्ड लावणार असाल तर हे विसरूच नका, खारट हवेत उघड्या व्हायाचं कॉपर हिरवं पडायला वेळ लागत नाही. एकाच बाजूने झाकलं तर आत केमिकल अडकून राहतं म्हणून दोन्ही. हे फाइलीतच ठरतं, मास्कच्या लेयरवर व्हायाची खिडकी दिसतेय का बघा. नंतर वरून कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ लेप) मारणार असाल तर कनेक्टर आणि प्रीसेटवर कोट नको, तो भाग एका वेगळ्या ड्रॉइंगवर रेघा मारून दाखवा, कोटिंग करणाऱ्या पोराला तुमच्या मनातलं कसं कळणार.

बोर्ड आल्यावर व्हॅक्यूम पॅक फोडून ठेवू नका. फोडून पावसाळाभर राहिला असेल तर रिफ्लोच्या (भट्टीत सोल्डर करायच्या) आधी १०५ ते १२५ अंशांत काही तास भाजून घ्या, एफआर४ पाणी पितं आणि एकदम तापवलं की आतून फुगून थर सुटतात.

सिल्कस्क्रीनवर नाव मराठीत टाकू शकतो का?

टाका की! देवनागरी फॉन्ट असला की किकॅडमध्ये येतं, पण काना-मात्रा बारीक असतात, सिल्कची रेघ ०.१५ मिमीच्या खाली गेली की छापतच नाही. इंग्रजी अक्षरं १ मिमी उंचीची चालतात, देवनागरी मी २ च्या वर ठेवतो. गर्बर व्ह्यूअरमध्ये जोडाक्षर फुटलंय का बघा. आणि पॅडवर आलेलं सिल्क फॅबवाला न विचारता कापतो, त्यामुळे "गणपती बाप्पा मोरया" मधला बाप्पा जाऊ शकतो.

दहा छोटे बोर्ड एकत्र पॅनेल करून पाठवू?

हाताने सोल्डर करणार असाल तर कशाला. मशीनवर असेंब्ली असेल तर हो, पण आधी असेंब्लीवाल्याला विचारा त्याला केवढं पॅनेल पाहिजे. साधारण दोन बाजूंना ५ मिमीच्या पट्ट्या, आणि कोपऱ्यात १ मिमीचे गोल फिड्युशियल (मशीनला जागा दाखवणाऱ्या खुणा), भोवती २ मिमीची मास्कची खिडकी. सरळ कडा असेल तर व्ही-कट, वाकडी असेल तर टॅब आणि बारीक होलांची रांग. व्ही-कट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळच जातो, मधे थांबत नाही, हे लोक विसरतात.

असेंब्लीला काय द्यायचं?

बीओएम (पार्टांची यादी) आणि पिक-अँड-प्लेस फाइल (कुठला पार्ट कुठे, कुठल्या कोनात). बीओएममध्ये "१०के" लिहून भागत नाही, पॅकेज, टॉलरन्स, आणि शक्यतो कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर. जे लावायचं नाही त्यापुढे तसं स्पष्ट लिहा. पिक-अँड-प्लेसमध्ये फिरवण्याचा कोन दर लायब्ररीत वेगळा असतो, त्यामुळे डायोड आणि आयसी ९० किंवा १८० अंशांनी फिरलेले येऊ शकतात. मी सोबत सिल्कचं एक पीडीएफ देतो, पिन एकचे ठिपके आणि कॅथोड लाल पेनाने गोल केलेले. जुनी पद्धत, पण समोरचा माणूस ते बघतोच.

पाठवायच्या आधी शेवटचं काय बघू?

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर या. झिप बनली की तीच झिप दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडा आणि त्या फाइली जर्बव्ही किंवा किकॅडच्या गर्बर व्ह्यूअरमध्ये टाका, तुमचं लेआउट बघू नका, ते तुम्ही हजार वेळा बघितलंय आणि डोळे आता तुम्हाला पाहिजे तेच दाखवतात. ड्रिल पॅडच्या मधोमध आहेत का, मास्कची खिडकी पॅडवर आहे का, आउटलाइन आहे का, बोर्डची लांबी मोजा.

मग कागदावर एकास एक प्रिंट काढा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "फिट टू पेज" काढून टाका नाहीतर ९७ टक्के येतं आणि सगळंच फसतं. कागद थर्माकोलवर ठेवून खरे पार्ट त्यात टोचा. दोन रुपयांची प्रिंट. कनेक्टर उलटा आहे, टर्मिनल ब्लॉक डब्याच्या भिंतीला आपटतोय, हे असं दिसतं, कुठल्याही डीआरसीला दिसत नाही.

फॅबचा मेल आलाय, "इंजिनिअरिंग क्वेरी". घाबरू का?

अजिबात नाही, तो चांगला फॅब. न विचारता बनवतात त्यांना घाबरा. फक्त "ओके, प्रोसीड" लिहून पाठवू नका, त्यांनी काय सुचवलंय ते चित्र उघडून बघा, एकदा माझ्या एका गिऱ्हाइकाने मोबाइलवरून न बघता ओके केलं आणि स्क्रूची होलं काढून टाकायला परवानगी दिली. आणि बदल करायचा तर पूर्ण नवीन झिप, नवीन रिव्हिजन, एकच लेयर वेगळी पाठवून "ही तेवढी बदला" असं करू नका.

चवथीच्या आधी बोर्ड मिळतील का?

श्रावणात विचारताय तर अवघड आहे पात्रांव (साहेब). फॅबचे दिवस, कुरिअरचे दिवस, त्यात घाटात दरड आली तर अजून एक-दोन, आणि बाहेरच्या देशातून मागवलं तर कस्टममध्ये किती अडकेल ते कोणी सांगू शकत नाही. मखराच्या लाइटिंगचे कंट्रोलर पाहिजेत तर मे महिन्यात फाइल काढा. शिगम्याच्या चित्ररथवाल्यांनी दिवाळीनंतर लगेच.

आणि दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याचे डोळे फिरवायचे आहेत, त्याला पण पीसीबी करू?

त्याला कशाला, पहाटे जाळायचाच आहे, झिरो पीसीबीवर (नुसत्या होलांच्या तयार बोर्डवर) वायरिंग करा. फक्त जाळायच्या आधी बोर्ड काढून घ्या, एका मंडळाने गेल्या खेपेला माझा चांगला एनिगवाला बोर्ड डोक्यात तसाच ठेवला होता.